पाण्याची गाठ

आवडाबाईच्या डाव्या कुशीत कळ उठली ती अद्रकातलं गवत काढताना. आधी तिनं नेहमीसारखं दुर्लक्ष केलं. पण कळ काही थांबेना. कंबरेतून निघायची आणि पार जांघेपर्यंत उतरायची. पिकाला पाण्याची दारं धरून परत येणारे आप्पासाहेब पाहतात तर बायको बांधावर गुडघ्यात डोकं घालून बसलेली. कधी साधं डोकं दुखतंय असंही न म्हणणारी ही बाई अशी बसली म्हटल्यावर त्यांनी लगेच मोटारसायकल काढली आणि तिला थेट कन्नडला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. मुतखडा निघाला, तोही डाळीएवढा. औषधानं आणि भरपूर पाण्यानं पडून जाईल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरांचं रिपोर्ट वाचणं संपलं नव्हतं.

"डाव्या ओव्हरीवर सिस्ट दिसतेय," ते म्हणाले. "लिंबाएवढी आहे. मुतखड्याचा आणि हिचा काही संबंध नाही, तपासताना दिसली इतकंच. पण संभाजीनगरला बायकांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या."

"सिस्ट म्हंजी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"गाठ म्हणा."

बाहेर गर्दी होती, पुढचा पेशंट दारात येऊन उभा राहिला होता. दोघं उठले. येताना रस्त्यात आप्पासाहेब दोनदा काहीतरी बोलले, पण आवडाबाईच्या कानात तो एकच शब्द घुमत होता.

तिची धाकटी मावशी गाठीनंच गेली होती. आवडाबाई तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. मावशीच्या पोटात गाठ झाली म्हणून तिला औरंगाबादला नेलं आणि परत आणलं ते उसाच्या चिपाडासारखी करून. ओसरीवर निजलेली मावशी, तिच्या उशाशी हलक्या आवाजात बोलणाऱ्या बाया आणि पोरी जवळ गेल्या की लगेच गप्प होणारं ते बोलणं, एवढंच तिला आठवत होतं. पोटात कशाची गाठ होती, कुठं होती, हे तिला कुणी कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

शेजारची गोजरबाई बातमी लागताच आली. तिनं स्वतःची पिशवी काढून बरीच वर्षं झाली होती. त्या गल्लीत निम्म्या बायांची काढलेली होती.

"काढून टाक, आवडे," गोजरबाई म्हणाली. "तुला का आता लेकरं व्हायचीत? पाळी बी आता गेल्यातच जमा हाय तुझी. कटकट कशाला ठेवायची?"

आवडाबाईनं मान हलवली. काढायची तर काढू, असं तिचं तिनंही ठरवून टाकलं होतं. पण भीती काढण्याची नव्हतीच. पोट उघडल्यावर आत काय निघेल, याची होती. मावशी गेली तेव्हा आवडाबाईच्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान होती.

आप्पासाहेबांनी धाकट्या भावाला, सोमनाथला फोन लावला. सोमनाथ संभाजीनगरात पुंडलिकनगरला राहायचा, वाळूजच्या कंपनीत कामाला होता. फोन ठेवून ते म्हणाले, "सोनिया घेऊन जाईल म्हणतो तुला. तिच्या ओळखीची डॉक्टरीण हाय."

आवडाबाईच्या कपाळावर आठी आली. "दुसरं कुणी नाय का?"

"दुसरं कोण असंल?"

सोनिया तिची धाकटी जाऊ. आठ वर्षांपूर्वी आवडाबाईच्या मोनिकाचं लग्न झालं, तेव्हा सोनिया घरात येऊन वर्षही झालेलं नव्हतं. सख्खी चुलती, पण ती हळदीला आली नाही आणि अक्षतांनाही आली नाही. सोमनाथ एकटा आला, "तिला बरं नाय" एवढं म्हणाला, मांडवात कसाबसा उभा राहिला आणि पंगत उठायच्या आत निघून गेला. पाहुणेरावळे विचारत राहिले. आवडाबाईनं सगळ्यांना हसून उत्तरं दिली, पण मनात गाठ बांधली ती बांधलीच. शहरातली शिकलेली पोरगी, तिला आपल्या लेकीचं लग्न येण्याच्या लायकीचं वाटलं नाही. त्यानंतर सणावाराला दोघी समोर आल्या की ये, बस, जेव, यापलीकडं बोलणं होत नसे. पुंडलिकनगरच्या घरात आवडाबाई एकदाच गेली होती, तीही सासूबाई आजारी होत्या तेव्हा.

पण गरज माणसाला वाकवते. तिनं भाकरी बांधून घेतली आणि सकाळची एसटी धरली. आप्पासाहेबही निघाले होते. तिनंच त्यांना अडवलं, अद्रकाला पाणी कोण देईल म्हणून. खरं तर डॉक्टरनं काही वाईट सांगितलं तर ते ऐकताना त्यांचं तोंड बघायची तिची तयारी नव्हती.

बस वेरूळचा घाट चढली, दौलताबादची वेस ओलांडली. शेजारची बाई मोसंबी सोलून तिला फोडी देत होती. आवडाबाईनं घेतल्या आणि पदरात तशाच ठेवल्या.

स्टँडवर सोनिया स्कूटी घेऊन उभी होती. जालना रोडवरच्या एका शोरूमच्या ऑफिसात ती कामाला होती, त्या दिवशी तिनं सुट्टी घेतलेली. तिनं वाकून नमस्कार केला, पिशवी पुढं अडकवली.

"आक्का, लघवीला जाऊन आलात का? आता जाऊ नका. डॉक्टरांकडं पोट भरून पाणी प्यावं लागतं."

"मला ठाव हाय. कन्नडला झालीय करून."

सोनियानं स्कूटी चालू केली. दोघी दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टरांचं नाव चारुता मुळे. चाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, चष्मा डोक्यावर ढकललेली बाई. सोनियाला पाहून ती ओळखीचं हसली. "ओवी काय म्हणते? शाळेत जायला लागली?"

"लागली ना. रोज रडते, पण जाते."

आवडाबाईनं मनात नोंद घेतली. ही डॉक्टरीण सोनियाच्या पोरीला नावानं ओळखते.

डॉक्टरांनी आधी सगळं विचारून घेतलं. पाळी कधी आली होती, किती दिवस राहते, पोट फुगतं का, भूक मेली का, वजन उतरलं का. आवडाबाई एकेक सांगत गेली. पाळी दोन-दोन महिने यायची नाही आणि मग आली की धो धो यायची. भूक चांगली होती, या आठवड्यापर्यंत. वजनाचं तिला माहीत नव्हतं, पण ब्लाउज घट्टच होत चालले होते. डॉक्टर हसल्या. मग आतल्या खोलीत नेऊन पोटावर गार जेल लावलं, मशीन फिरवलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बाथरूमला जाऊन या. मग आतून एकदा तपासते, म्हणजे जवळून दिसेल."

"एवढं पाणी पाजलं आन् आता सोडून या म्हणता," आवडाबाई पुटपुटली.

परत आल्यावर ती टेबलावर आडवी झाली. आतून तपासायचं म्हटल्यावर तिचं अंग आखडलं. सोनिया पडद्याच्या बाहेर थांबायला निघाली, तेव्हा आवडाबाईच्या तोंडून एकदम निघून गेलं, "तू थांब इथंच."

सोनिया उशाशी येऊन उभी राहिली. खोलीत फक्त मशीनचा आवाज होता. डॉक्टर बोलत नव्हत्या, आणि त्यांच्या न बोलण्यात आवडाबाईला ओसरीवर कुजबुजणाऱ्या सगळ्या बाया ऐकू येत होत्या. तिनं डोळे मिटून घेतले. शेवटी राहवेना.

"बाई, एकदाच काय ते सांगून टाका. क्यान्सर हाय का?"

डॉक्टरांनी मशीनचा पडदा तिच्याकडं वळवला. "डोळे उघडा आणि तुम्हीच बघा. हे काळं गोल दिसतंय?"

"दिसतंय."

"ते पाणी आहे. पाणी या मशीनवर काळं दिसतं. आता त्याची कड बघा. सगळीकडून सारखी आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. आत काही घट्ट आहे? एखादा गोळा, पडदा, भिंत?"

आवडाबाई निरखून पाहू लागली. भिण्यासारखं काही नव्हतं ते. विहिरीत वरून डोकावल्यासारखं शांत, काळं, साधं. "काय बी नाय," ती म्हणाली.

"मलाही काही दिसत नाही. आता हे बघा, मी रंगाचं बटण दाबलं. गाठीत वेडंवाकडं रक्त खेळत असतं तर इथे लाल-निळं चमकलं असतं. चमकतंय का? नाही. ही साधी पाण्याची गाठ आहे. क्यान्सरसारखं यात मला काहीही दिसत नाही."

आवडाबाईचा श्वास इतका मोठा सुटला, की पडद्यावरचं चित्र हललं. डॉक्टर म्हणाल्या, "हं, आता घ्या श्वास, आठवडाभराचा साठलेला दिसतोय."

कपडे सारखे करून दोघी टेबलासमोर बसल्या. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर गर्भपिशवी काढली, दोन्ही बाजूंना दोन बदामाएवढी अंडाशयं काढली.

"तुम्ही न्हात्या झालात तेव्हापासून हे चालू आहे," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला अंडाशयात पाण्याचा एक बारीक फुगा धरतो. त्यात बीज असतं. फुगा फुटतो, बीज बाहेर पडतं आणि फुगा जिरून जातो. कधी कधी तो फुटायचा राहतो आणि भरत जातो. पाळी जायच्या वयात असा गोंधळ जास्त होतो. बहुतेकींना तो झालेला कळतही नाही. तुमचा मुतखडा दुखला म्हणून हा सापडला."

"मग माझी मावशी गाठीनंच गेली ती?"

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मावशी आईकडची का, गाठ नेमकी कशाची होती, घरात अजून कुणाला छातीचा किंवा पोटाचा क्यान्सर झाला होता का, असं नीट विचारलं. आवडाबाईला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिनं सांगितलं.

"त्यांची कसली होती, ते आता मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ हा एकच शब्द आपण सगळ्यालाच लावतो. काहींत पाणी असतं, काहींत जुनं रक्त, काहींत चरबी आणि केससुद्धा सापडतात. काही घट्ट असतात, त्यांची मात्र नीट चौकशी करावी लागते, आणि गरज पडली तर त्या काढाव्या लागतात. तुमच्या मावशीचं मी लिहून ठेवते. रक्ताची एक तपासणीही करून घेऊ. पण आज जे दिसतंय, ते घाबरण्यासारखं नाही."

"आन् पिशवी? ती काढायची ना?"

"पिशवीनं काय केलंय तुमचं?"

सोनिया खुदकन हसली. आवडाबाईलाही ओठ दाबता आले नाहीत.

"ऑपरेशन नाही, काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शंभर टक्के हा शब्द मी कुणालाच देत नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत बघायचं. जिरली तर उत्तम. वाढली किंवा तिचं रूप बदललं, तर तेव्हा विचार करू. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पोटात अचानक असह्य दुखलं, उलट्या झाल्या, घेरी आली, तर अंगावर काढायचं नाही. क्वचित अशी गाठ अंडाशयासकट पीळ घेते. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठायचा, रात्र असो की लग्नकार्य."

शेवटचा शब्द डॉक्टरांनी सहज म्हटला असेल. पण सोनियानं खाली मान घातली आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळू लागली. आवडाबाईनं ते पाहिलं.

दवाखान्यातून निघाल्यावर आवडाबाईला एकदम भूक लागली, आठवड्याची राहिलेली सगळी भूक एकदमच. कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसून दोघींनी बांधून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, वर थंड रस घेतला. रसवंतीवाल्यानं काही हरकत घेतली नाही. आवडाबाईनं आप्पासाहेबांना फोन करून "काय भ्या नाय, पाण्याची हाय" असं दोनदा सांगितलं. मग ग्लास खाली ठेवून तिनं जावेकडं पाहिलं.

"ती डॉक्टरीण लग्नकार्य म्हणली, तव्हा तू खाली काऊन पाहिलं?"

सोनियानं ग्लास बाजूला सरकवला.

"माझ्या गाठीनं पीळ घेतला होता, आक्का. मोनिकाच्या हळदीच्या आदल्या दिवशी. आम्ही गावाकडं यायला बॅगा भरून ठेवल्या होत्या. सकाळपासून दुखत होतं, मला वाटलं पित्त असेल. लग्नघरी जायचंय म्हणून मी कुणाला बोललेच नाही. संध्याकाळी चक्कर येऊन पडले. मुळे मॅडमनी लगेच ऑपरेशन केलं, पण उशीर झाला होता. उजवं अंडाशय काळं पडलं होतं, ते काढावं लागलं."



"आन् मला कुणी सांगितलं नाय?"

"सासूबाईंनी शपथ घातली. लग्नघरात असलं काही नको म्हणाल्या. आणि पुढंही कुणाला बोलायचं नाही, नव्या सुनेचं अंडाशय काढलं म्हटल्यावर लोक वांझ म्हणायला कमी करणार नाहीत, असं म्हणाल्या. त्या घाबरल्या होत्या, मीही घाबरले होते. नंतर मॅडमनी समजावलं की दुसरं अंडाशय चांगलं आहे, एकावरही मूल होतं. ओवी झाली. मग सांगायचं राहूनच गेलं. आणि तुम्ही तोवर बोलेनाशा झाला होतात."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. आवडाबाईला मांडवातला सोमनाथ आठवला, पांढराफटक, कुणाशी न बोलणारा. तेव्हा तिला तो ताठा वाटला होता. बायको दवाखान्यात टाकून भावाच्या मांडवात तोंड दाखवायला आलेला तो माणूस.

"कुठून कापलं?" तिनं विचारलं.

सोनियानं ओटीपोटावर हात ठेवला.

"दुखतं का अजून?"

"थंडीत ओढ बसते थोडी. बाकी काही नाही."

आवडाबाईनं तिचा तो हात आपल्या हातात घेतला.  मग म्हणाली, "म्या लई बोलले तुला. पाठीमागं."

"माहीत आहे. गावावरून इथवर ऐकू यायचं."

आणि दोघींना हसू फुटलं. आवडाबाई इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला आणि रसवंतीवाला वळून पाहू लागला.

रक्ताची तपासणी चांगली आली. पण तीन महिने अगदी सरळ गेले असंही नाही. गोजरबाईचा "काढून टाक" हा धोशा चालूच होता. आवडाबाई तिला पाण्याचा फुगा, पातळ कड, सगळं समजावून सांगायची, गोजरबाई ऐकायची आणि पुन्हा मूळपदावर यायची. मग एका सकाळी भाकऱ्या थापताना डाव्या बाजूला पुन्हा जोराची कळ आली आणि उलटी झाली. एरवी आवडाबाईनं ओव्याचं पाणी पिऊन वाट पाहिली असती. या वेळी तिनं तवा उतरवला आणि सोनियाला फोन लावला.

"आक्का, भाकरी राहू द्या," सोनिया म्हणाली. "भाऊजींना म्हणावं, आत्ताच्या आत्ता कन्नडला न्या. तिथं पोचल्यावर मला फोन करा, मी फोन हातातच धरून बसलेय."

आप्पासाहेबांनी गाडी अशी हाणली, की आवडाबाईला दुखण्यापेक्षा त्यांचीच जास्त धास्ती वाटली. पुन्हा सोनोग्राफी झाली. गाठीनं पीळ घेतलेला नव्हता, ती होती तशीच गप्प होती. मुतखडा खाली सरकला होता. दुसऱ्या दिवशी तो पडला आणि कळ थांबली. सोनियाला कळवलं, तेव्हा पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

ठरलेली तारीख आली तशी आवडाबाई पुन्हा संभाजीनगरला निघाली. या वेळी ती आदल्या दिवशीच मुक्कामाला गेली आणि ओवीची वेणी घालून तिला शाळेत सोडूनही आली. ओवी रडली नाही, याचा तिला उगाच अभिमान वाटला. डॉक्टरांनी मशीन लावलं. आवडाबाईनं या खेपेला डोळे मिटले नाहीत, मान वळवून पडद्याकडंच पाहत राहिली. ते काळं गोल तिला कुठं दिसेना.

"सापडंना का?" तिनं काळजीनं विचारलं.

"नाही सापडत," डॉक्टर म्हणाल्या. "कारण ती नाहीये. जिरून गेली."

 आवडाबाईनं डॉक्टरांना नमस्कार केला, मग चुकून मशीनलाही केला. डॉक्टरांनी सांगितलं की आता यासाठी परत यायचं कारण नाही. पाळी पूर्ण बंद झाल्यावर कधी रक्त दिसलं किंवा पोट फुगलेलं राहिलं, तर मात्र लगेच यायचं. आवडाबाईनं ते दोनदा म्हणून घेतलं, पाठ केल्यासारखं.

बाहेर बाकावर बसून तिनं आप्पासाहेबांना फोन लावला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"काय म्हणली डॉक्टरीण?"

"गेली गाठ."

"कुठं गेली?"

"कुठं जाईल? जिरली. पाण्याचीच व्हती."

 पलीकडं कुठं तरी भांड्याला भांडं लागल्यासारखं वाजलं.

"तुमी घरीच हाय काय?" आवडाबाईनं विचारलं. "मोटर लावली नाय का? पाण्याची पाळी हाय ना आज."

"नाय गेलो," आप्पासाहेब म्हणाले. "सकाळपून फोनपाशीच बसलोय. रानात रेंज येत नाय." मग घसा खाकरून म्हणाले, "आता जातो. तू घाई करू नको. राह्य दोन दिस जावेपशी."

"राह्यते," आवडाबाई म्हणाली. "आधी काय तरी खाऊन घ्या. डब्यात लाडू हायेत, वरच्या फळीला."

फोन ठेवून तिनं सोनियाकडं पाहिलं. सोनियानं स्कूटीची किल्ली काढली होती.

"चल," आवडाबाई म्हणाली, "पोरीची शाळा सुटायची झाली."